हातपाय कापत असतानाच गायचंय, मग रियाजही तसाच करा

एका वाचक मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय. त्या नोकरी करतात, चाळिशीत गाणं शिकायला लागल्या, आता चार-पाच वर्षं झाली. क्लासचा कार्यक्रम तीन आठवड्यांवर आलाय आणि त्यात त्यांची दोन सोलो गाणी आहेत, पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी हा त्यांचा 'सा'. गेल्या वर्षी ह्याच कार्यक्रमात अंतऱ्यातल्या वरच्या पंचमावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'प'वर, आवाज फाटला, त्या गोंधळात पुढची ओळ आठवेना, तबला वाजत राहिला आणि ह्या नुसत्या उभ्या. घरी तेच गाणं झोपेतसुद्धा येतं म्हणतात. यंदा तसं होऊ नये म्हणून रोज दोन-दोन तास दोन्ही गाणी पूर्ण आवाजात म्हणतायत, तर गेल्या आठवड्यापासून आवाज खरखरतोय आणि दिवसभर गरम पाणी चालू आहे. सरांनी पट्टी खाली घ्यायला सुचवलं, ते त्यांना कमीपणाचं वाटतंय. एका मैत्रिणीने धडधड कमी करायची स्वतःची गोळी देऊ केलीय. आणि शेवटचा प्रश्न असा, की ज्याला इतकी भीती वाटते त्याने मुळात स्टेजवर जावंच का, नाव काढून घेऊ का?

उत्तर :

भीतीचं नंतर बोलू, आधी गळ्याचं बोलूया, कारण भीती अजून तीन आठवडे थांबेल, गळा थांबणार नाही.

काळी पाचमधला तो वरचा पंचम लागतो तेव्हा तुमचे स्वरतंतू, जे जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीचे आहेत, ते एकमेकांवर सेकंदाला साधारण ७०० वेळा आपटत असतात. आता ह्याला रोजचे दोन तास लावा, त्यात ऑफिसमधलं दिवसभराचं बोलणं मिळवा, आणि आवाज का खरखरतोय ते वेगळं सांगायला नको. तुम्ही लिहिलंय की 'आवाज साथ देत नाही म्हणून अजून जोर लावून म्हणते', अहो, नेमकं हेच थांबवायचंय. सुजलेल्या स्वरतंतूंकडून जोर लावून काम करून घेतलं की ते अजून सुजतात, मग अजून जोर लागतो, आणि कार्यक्रमाच्या दिवशी हातात काहीच राहत नाही.

तर पहिले दोन-तीन दिवस गाणं पूर्ण बंद. बोलणं कामापुरतं, आणि तेही साध्या नेहमीच्या आवाजात, कुजबुजत नाही, कारण कुजबुजताना बऱ्याच जणांचा गळा उलट जास्त आवळला जातो. खाकरणं कमी करा, ती सवय लागली की सुटत नाही आणि प्रत्येक खाकरण्याला स्वरतंतू जोरात घासले जातात, त्याऐवजी घोटभर पाणी प्या किंवा नुसता आवंढा गिळा. आवाज मोकळा झाला की दिवसातून दोन वेळा पंधरा-वीस मिनिटं, बस्स. आणि तपासायची साधी खूण म्हणजे दुसऱ्या दिवशी आवाज आदल्या दिवसापेक्षा जड वाटला तर काल जास्त झालं, आज कमी करा. तीन आठवड्यांनीही खरखर तशीच राहिली तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचंच, पण गाताना दुखत असेल किंवा अचानक आवाज पूर्ण गेला तर एवढीही वाट बघू नका, आधी डॉक्टर, मग कार्यक्रम.

गरम पाण्याचं म्हणाल तर पीत राहा, बरं वाटतं आणि त्याचं काही वाईट नाही, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना लागतच नाही, ते अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. पाण्याचा ओलावा शरीरात फिरून तिथपर्यंत पोचायला काही तास जातात, त्यामुळे स्टेजवर जायच्या पाच मिनिटं आधी बाटलीभर पाणी ढोसून उपयोग फक्त टॉयलेट शोधण्याचा होतो. आदल्या दिवसापासून थोडं थोडं पीत राहणं, हे खरं. सरळ तिथे पोचते ती वाफ, साध्या पाण्याची, भाजणार नाही इतपत गरम. आणि एक ताकीद, घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून गायचं नाही, दुखणं कळेनासं होतं आणि आपण ताणत राहतो. गाण्याच्या आसपास ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकंही स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव सहज होऊ शकतो आणि ताणलेल्या स्वरतंतूंसाठी ते धोक्याचं आहे. डॉक्टरांनी आधीपासून दिलेली असतील तर मात्र परस्पर बंदही करू नका, त्यांना विचारा.

गळा गरम करण्यासाठी ह्या तीन आठवड्यांत मला एकच प्रकार सुचवायचा असेल तर मी स्ट्रॉ सांगेन. अर्धा ग्लास पाणी घ्या, त्यात साधी स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवा, ओठ स्ट्रॉभोवती घट्ट आणि त्यातून 'ऊ' असा सूर सोडा, आवाज हळूच. पाण्यात बुडबुडे यायला हवेत आणि एकसारखे यायला हवेत, ते मधेच थांबले किंवा उसळले तर श्वास तुटतोय किंवा ढकलला जातोय हे लगेच डोळ्यांना दिसतं, सांगायला दुसरं कोणी लागत नाही. आधी एकच सूर, मग खालून वर घसरत जा आणि परत खाली या, मग गाण्याची अख्खी ओळच स्ट्रॉमधून म्हणा. तोंड अरुंद झाल्यामुळे हवेचा दाब थोडा मागे परततो आणि स्वरतंतू एकमेकांवर कमी आपटत कंप पावतात, म्हणून बसलेल्या गळ्यालाही हे झेपतं. आवाजाच्या विज्ञानावर काम केलेल्या इंगो टिट्झे यांनी हा प्रकार जगभर पोचवला. ओठ फुरफुरवणं किंवा तोंड बंद ठेवून गुणगुणणं ह्याच जातीतलं आहे. पाच-सात मिनिटं पुरतात.

आता पट्टी. सर सांगतायत, तुम्हाला कमीपणा वाटतोय. मला विचारायचंय की कमीपणा नक्की कोणाच्या नजरेत? समोर बसलेल्यांपैकी काळी पाच आणि काळी चार ऐकून ओळखणारे किती असतील, वादक आणि सर सोडून? फाटलेला सूर मात्र झाडून सगळ्यांना कळतो. एक पूर्ण सूर खाली, म्हणजे काळी चारमध्ये गेलात तर तोच पंचम सेकंदाला ७०० ऐवजी साधारण ६२० कंपनांवर येतो आणि तुमच्यासारख्या घाबरलेल्या, थकलेल्या गळ्याला एवढी जागा खूप झाली. अर्धाच सूर उतरायचा असेल तर पांढरी सहा आहे. घरी निवांत बसून जो वरचा सूर जेमतेम लागतो तो स्टेजवर लागेल असं धरूनच चालायचं नाही, स्टेजसाठीची पट्टी अशी हवी की सगळ्यात वरच्या सुराच्या वरही अजून एक-दोन सूर शिल्लक असतील. खालचे सूर फार पोकळ होत नाहीत ना एवढं बघा, ते ठीक असेल तर ह्यात माझं मत अजिबात मधलं नाही, सरांचं ऐका.

मग भीती. तुमच्या पत्रात एक वाक्य दोन-तीनदा वेगवेगळ्या शब्दांत आलंय, की तयारी पुरेशी झाली तर भीती वाटणार नाही आणि भीती वाटतेय म्हणजे तयारी कमी आहे, किंवा मी मुळात स्टेजची माणूसच नाही. हे कुठून आलं? अमेरिकन गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये प्रचंड गर्दीपुढे गाताना शब्द विसरली, आणि त्यानंतर तिने जवळजवळ २७ वर्षं तिकीट लावून होणाऱ्या जाहीर कार्यक्रमांत गाणं टाळलं. तिची तयारी कमी होती असं म्हणायचं का? ती परत आली तेव्हा भीती संपवून आली नाही, समोर शब्द दाखवणारा पडदा लावून आली. मला ह्यातलं हे दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं.

गेल्या वर्षी तुमचं काय झालं ते शरीराच्या बाजूने बघा. नाव पुकारलं, ॲड्रेनालिन आलं, छाती धडधडली, तोंड कोरडं पडलं, हात गार. श्वास वरच्या वर, खांदे उचलून, आणि आधीचा सोडलाच नाही त्याच्यावर अजून एक घेतला. मान आवळली, स्वरयंत्र वर ओढलं गेलं. खालच्या सुरांना हे सगळं चालून जातं म्हणून मुखडा, म्हणजे परत परत येणारी सुरुवातीची ओळ, नीट गेला, वरच्या पंचमाला गळा मोकळा लागतो, तिथे तो नव्हता. म्हणजे तुमचा पंचम रियाज कमी पडला म्हणून गेला नाही, रियाज एका शरीराने केला आणि गायला दुसरंच शरीर उभं राहिलं म्हणून गेला. आणि यंदा तुम्ही काय करताय, तर त्याच शांत शरीराने, त्याच बंद खोलीत, गळा तापल्यावर, बसून, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून, फक्त तास वाढवलेत.

म्हणून तास कमी करून प्रकार बदला. जिन्याचे दोन मजले भरभर चढा (गुडघे किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर हे सोडा) आणि धापा टाकत असतानाच फोनवर रेकॉर्डिंग लावून उभं राहून मुखडा आणि पहिला अंतरा म्हणा, पण आधी एक काम करायचं, श्वास घ्यायचा नाही, सोडायचा. पूर्ण सोडला की पुढचा आपोआप खाली, पोटापर्यंत जातो. पहिल्या वेळेला भयानक होईल, होऊ द्या, चारपाच दिवसांत शरीराला कळतं की छाती धडधडत असतानाही सूर लावता येतो. ते रेकॉर्डिंग लगेच नको, दुसऱ्या दिवशी ऐका. तुम्हाला जी धडधड कानात ढोलासारखी वाजत होती ती रेकॉर्डिंगमध्ये शोधूनही सापडणार नाही. सॅवित्स्की आणि गिलोविच ह्या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये भाषणाच्या बाबतीत हेच दाखवलं होतं, आपली घाबरगुंडी समोरच्यांना आपल्याला वाटते तेवढी दिसत नाही, आणि गंमत म्हणजे ही गोष्ट ज्यांना आधीच सांगितली होती त्यांची भाषणं जास्त चांगली झाली. गाण्यालाही हे लावून बघायला हरकत नाही, म्हणून तुम्हालाही आधीच सांगून ठेवतेय.

दिवसाचं पहिलं गाणं थंड्या गळ्याने, एकदाच, थांबायचं नाही, काहीही झालं तरी शेवटपर्यंत न्यायचं, असंही एकदोनदा करा, अर्थात गळा बरा झाल्यावर आणि अर्ध्या आवाजात. मग घरातल्या दोघातिघांपुढे. कार्यक्रमाचे कपडे आणि चपला घालून. मग शेजारच्यांपुढे. हातात माईक समजून काहीतरी धरा, माईक धरलेल्या हाताचं काय करायचं हा प्रश्न स्टेजवर पहिल्यांदा पडू नये.

आणि ती विसरलेली ओळ. गाणं कायम पहिल्यापासून म्हटलं की ते पाढ्यांसारखं बसतं, कोणी मधेच सात आठे विचारलं की सात एके सातपासून निघावं लागतं. स्टेजवर साखळी तुटली की तुम्हाला मधून उचलता येत नाही ते ह्यामुळे. तर दुसऱ्या अंतऱ्यापासून सुरू करा, शेवटच्या ओळीपासून मागे या, आणि घरातल्या कोणालातरी सांगा की मी गात असताना कुठेही अचानक टाळी वाजव, टाळी वाजली की हातातली ओळ सोडून द्यायची, ठेका मनात चालू ठेवायचा आणि पुढच्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मुखडा पकडायचा. मुलांना हा खेळ फार आवडतो, नको तिथे टाळ्या वाजवतात. वादकांशीही आधी ठरवून ठेवा की मी अडकले तर मुखड्यावर येणार, पेटीवाल्यांनी मुखड्याची सुरावट वाजवायची. निम्म्या लोकांना वाटेल तुम्ही मुद्दामच मुखडा परत घेतलात. शब्दांचा कागदही स्टँडवर ठेवा, मोठ्या अक्षरात, फक्त प्रत्येक ओळीचे पहिले दोन शब्द, अख्खं गाणं लिहिलं की डोळे शोधतच राहतात. सरांना कागद चालत नसेल तर त्यांच्याशी एकदा बोला, कागद असणं आणि कागदात बघून गाणं ह्यात फरक आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी घरी दोन्ही गाणी पूर्ण आवाजात म्हणून बघायचा मोह होईल, 'आज येतंय ना' म्हणून, तो आवरा. आदल्या रात्री झोप मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर त्यावर विचार करत बसू नका, एका रात्रीच्या कमी झोपेने गाणं जात नाही. जेवण गाण्याच्या दोन-तीन तास आधी, हलकं, नाहीतर एकतर श्वासाला जागा राहत नाही किंवा आम्ल वर येऊन घसा जळजळतो. पाऊण तास आधी ती स्ट्रॉ, मग मधल्या सुरांत थोडं, वरचा पंचम एकदा हलक्या आवाजात शिवून परत. सगळ्यात जास्त गळे मात्र पडद्यामागे जातात. तिथे गोंगाट असतो, सगळे भेटतात, फोटो, 'अगं किती दिवसांनी', आणि गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, त्याला लोंबार्ड परिणाम म्हणतात, १९११ पासून माहिती असलेली गोष्ट आहे. आपण ओरडतोय हे कळतही नाही. कोपरा शोधून बसा, कोणी बोलायला आलं तर हसून गळ्याकडे बोट दाखवा. हाच परिणाम स्टेजवरही होतो, स्वतःचा आवाज नीट ऐकू आला नाही की माणूस ताणतो, म्हणून साउंड चेकला लाजू नका, 'मला माझा आवाज थोडा जास्त द्या' एवढं एक वाक्य बोला. तोंड कोरडं पडलं तर घोटभर पाणी, इथे पाणी खरंच कामाला येतं.

नाव पुकारल्यावर घरचे म्हणतील 'टेन्शन घेऊ नकोस'. ह्या सल्ल्याने आजवर कोणाचं टेन्शन गेलंय मला माहिती नाही. धडधडत्या छातीला 'शांत हो' म्हणून ती ऐकत नाही, मग ऐकत नाही ह्याचंच अजून टेन्शन. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना कॅराओकेवर गायला लावलं, गायच्या आधी काहींना 'मी घाबरलोय' म्हणायला सांगितलं आणि काहींना 'मी एक्सायटेड आहे'. कॉम्प्युटरने गाणं मोजलं तर दुसऱ्या गटाला सुमारे ८० टक्के आणि पहिल्याला ५३ टक्के. धडधड काही कमी झाली नव्हती. आपल्या भाषेत 'चला, मजा येणारे' म्हणा, खोटं वाटलं तरी म्हणा. स्टेजवर पोचलात की लगेच तोंड उघडू नका, श्वास सोडा, मुखड्याची लय मनात एकदा पूर्ण म्हणा आणि मगच वादकांकडे बघा, कारण घाबरलेल्या माणसाला बरोबर लय संथ वाटते आणि तो गाणं पळवतो.

मैत्रिणीची गोळी बहुतेक बीटा ब्लॉकर, म्हणजे धडधड आवरणारं औषध, असावी. वादकांना अशा गोळ्यांनी फायदा होतो हे १९७७ मध्येच लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय, कापणारे हात आणि धडधड खरंच कमी होतात, त्यामुळे हे काही थोतांड नाही. पण दमा असणाऱ्याला ती गोळी घातक ठरू शकते, कमी रक्तदाब किंवा मंद नाडी असणाऱ्यालाही जपावं लागतं, आणि तुमची प्रकृती तुमच्या मैत्रिणीच्या डॉक्टरांना माहिती नाही. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी घ्यायची नाही, ह्यावर माझ्याकडे 'पण' नाही. क्लासच्या कार्यक्रमातल्या दोन गाण्यांसाठी तुम्हाला तिची गरजही पडू नये असं मला वाटतं. मात्र आत्तापासूनच झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, ऑफिसमध्ये लक्ष लागत नसेल तर स्वतःच्या डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. त्यांनी गोळी सुचवलीच तर ती आधी एखाद्या साध्या दिवशी घेऊन बघायची, पहिला प्रयोग स्टेजवर नको.

राहिलं नाव काढून घेणं. काढून घेतलंत तर त्या दिवशी फार हलकं वाटेल, आणि पुढच्या वर्षी भीती ह्यापेक्षा मोठी असेल, कारण शेवटची आठवण ती गेल्या वर्षीचीच राहील. दुसरीकडे आवाज बरा झालाच नाही तर मात्र न गाणं हेच शहाणपण, त्याला पळणं म्हणत नाहीत. पण 'सगळं नाहीतर काहीच नाही' असं कोणी ठरवलंय? दोनऐवजी एकच गाणं घ्या, जे जास्त सवयीचं आहे ते, गेल्या वर्षीचंच असलं तरी चालेल. काळी चारमध्ये. आणि क्रम दुसरा किंवा तिसरा मागा, अगदी पहिलं नको कारण तेव्हा साउंड बसलेला नसतो, शेवटचं तर नकोच, दोन तास हात चोळत बसून राहायची शिक्षा कशाला. दुसरं गाणं सोडायला सर तयार नसतील तर ते कोणाबरोबर तरी द्वंद्वगीत किंवा समूहगीत करता येतं का विचारा.

सरांना लांबण लावू नका, 'गळ्याला ताण आलाय, एकच गाणं घेते, तुम्ही म्हणालात तशी पट्टी खाली घेते, क्रम दुसरा-तिसरा ठेवाल का' एवढं पुरे. आणि हे आज-उद्याच कळवा, कारण पट्टी बदलली की तबलजींना त्या पट्टीचा तबला आणावा लागतो आणि नव्या पट्टीत वादकांबरोबर निदान दोनदा बसायला मिळायला हवं.